आंब्याखालची जीप

पंचवटीत राहणाऱ्या निवृत्त माणसाचा सकाळचा फेरा बहुधा गोदाकाठाने जातो. माझा पेठ रस्त्याने जातो. रामकुंडावर ओळखीचे फार भेटतात, आणि त्यांतले निम्मे मुदत ठेवींचे व्याजदर विचारतात. बँक सोडून इतकी वर्षे झाली, कादंबऱ्या लिहून झाल्या, तरी लोकांच्या लेखी मी अजून काउंटरमागेच बसलेला आहे. त्यापेक्षा पेठ नाका बरा. तिथे पेठ-करंजाळीकडून पहाटे आलेल्या बाया भाजी विकून परतीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या असतात. त्यांच्या ठेवी नसतात.

श्रावणातली गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता. करटुल्यांची रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेल्या एका बाईने माझ्याकडे दोन-तीनदा पाहिले आणि विचारले, “तुम्ही बँकेतले साहेब ना? जीपवाले?”

बँकेतला साहेब मी होतो. जीपवाला मात्र कधीच नव्हतो. आमची स्कूटरसुद्धा पत्नीच्या नावावर होती. मी तसे सांगणार तोच ती म्हणाली, “तुमच्या जीपनं मी शाळंत जायची. सातवी केली. आठवीला जीप बंद पडली.”

आवाजात तक्रार नव्हती. पाऊस लवकर गेला, त्या वर्षी भात झाला नाही, अशा चालीवर तिने ते सांगितले. मी तिच्या शेजारी, बंद टपरीच्या फळीवर बसलो. बसावेच लागले.

१९८८-८९ चा सुमार असेल. मी सावळघाटापलीकडच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एका गावातल्या सात तरुणांचा गट आला. सरकारी योजनेतून निम्मे अनुदान, उरलेले बँकेचे कर्ज, अशी सोय होती. त्यांना प्रवासी जीप घ्यायची होती. गावापासून पक्का रस्ता दूर, एस.टी. त्याहून दूर. मी प्रकरण केले. कोटेशन, परवाना, विमा, जामीनदार, गटाचा ठराव, सगळे कागद चोख. अशी फाईल पाहिली की बँक अधिकाऱ्याला कवितेची वही पाहिल्यासारखे वाटते. जीप आली त्या दिवशी नारळ फुटला, झेंडूचे हार पडले, तालुक्याहून साहेब आले आणि आम्हा सर्वांचा एक फोटो निघाला. जीप सकाळी मुलांना हायस्कूलच्या गावी सोडायची, मग बाजारकऱ्यांना न्यायची, आणि एकदा रात्री बारा वाजता एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन घाट उतरली होती. शाखेत चहा पिताना मी ती गोष्ट अनेकांना सांगितली.

आठ-नऊ महिने हे चालले. मग क्लच प्लेट गेली. दुरुस्त करणारा नाशिकला. नीट चालवता येणारा गटात एकच होता, तो द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडे जास्त मजुरीवर निघून गेला. भाडे कोणी घेतले, डिझेल कोणी भरले याची वही पहिल्या दोन महिन्यांनंतर कोणी लिहिली नव्हती. म्हणून दुरुस्तीच्या वेळी सातांपैकी प्रत्येकाला वाटत होते की पैसे दुसऱ्याकडे आहेत. मी पाहणीला गेलो तेव्हा जीप एका आंब्याखाली उभी होती आणि मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. पाहणी अहवालाच्या छापील फॉर्मवर प्रश्न होता: ‘मालमत्ता अस्तित्वात आहे काय?’ मी लिहिले, ‘आहे.’ ती चालते काय, असा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हता. मीही आपणहून काही लिहिले नाही.

पुढे माझी बदली झाली. पेठ नाक्यावर भेटलेल्या त्या बाईचे नाव तेव्हा माझ्या कुठल्याच कागदावर नव्हते. असण्याचे कारणही नव्हते. ती कर्जदार नव्हती, लाभार्थी नव्हती. ती फक्त त्या जीपमध्ये बसत होती.

त्या दशकात आम्ही बँकवाल्यांनी अनुदान पुष्कळ पाहिले. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९७८-७९ साली सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सर्व विकास गटांत लागू झाला. लहान शेतकऱ्याला किमतीच्या पाव हिस्सा अनुदान, अत्यल्प भूधारकाला आणि शेतमजुराला एक तृतीयांश, आदिवासी कुटुंबाला निम्मे. कल्पनेत खोट काही नव्हती. पण म्हैस मिळाली आणि चारा मिळाला नाही, शिलाई यंत्र मिळाले आणि शिवायला कपडा मिळाला नाही, अशा कहाण्या प्रत्येक शाखेत होत्या. म्हैस मेली तर विम्याच्या दाव्यासाठी तिच्या कानातला बिल्ला जोडावा लागे. आमचा एक सहकारी म्हणायचा, देशातला पशुविकास मोजायचा तर कान मोजा. १ एप्रिल १९९९ रोजी हा कार्यक्रम स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाला; तिच्यात बचत गट, प्रशिक्षण, बाजारपेठ यांचा विचार आला. म्हणजे वस्तू देऊन भागत नाही, ती सांभाळणारी माणसे आधी तयार करावी लागतात, हे कळायला वीस वर्षे गेली.

वाहतुकीच्या बाबतीत ते अजून पुरते कळलेले नाही, असे मला वाटते. अनुदानाला मुळातच डोळ्यांना दिसणारी वस्तू आवडते. बस दिसते, आगाराची शेड दिसते, थांब्याचे छप्पर दिसते. त्यांच्यापुढे उभे राहून फोटो काढता येतो, वर्षअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र देता येते. वेळापत्रक बनवणारा माणूस फोटोत दिसत नाही. टायर कधी बदलायचे हे ठरवणारा, गल्ल्याचा हिशेब रोजच्या रोज मिटवणारा, ‘या मार्गावर सहाची नको, पावणेसहाची हवी’ हे प्रवाशांकडून ऐकून घेणारा, यांपैकी कोणीच दिसत नाही. हिशेबाच्या भाषेत पहिला भांडवली खर्च आणि दुसरा महसुली. भांडवली खर्चाला देणारे पुष्कळ. महसुली खर्चाचे नाव काढले की सगळ्यांना एकदम काटकसर आठवते.

यावर उपाय म्हणून हल्ली ‘क्षमता बांधणी’ हा शब्द प्रत्येक योजनेत असतो. शब्द चांगला आहे. पण प्रत्यक्षात ती बहुधा एका दिवसाची असते: मागे फलक, समोर पाण्याच्या बाटल्या, एक फोल्डर, एक पेन, दुपारी जेवण आणि सहीचा कागद. अशा दोन-तीन कार्यशाळांत मीही ‘आर्थिक साक्षरता’ शिकवून आलो आहे. जेवण उत्तम होते.

आमच्या नाशिकला सार्वजनिक वाहनाचे वावडे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावातून नाशिक रोड स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम धावू लागली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. पुढे कित्येक दशके शहरातल्या बसगाड्या राज्य परिवहन महामंडळच चालवत होते. ते काम महापालिकेने आपल्याकडे घेतले आणि ८ जुलै २०२१ रोजी ‘सिटीलिंक’ सुरू झाली. तिचा एक आगार आमच्याच तपोवनात आहे. गाड्या ठेकेदाराच्या, त्याला किलोमीटरमागे पैसे. तिकिटाचे उत्पन्न परिवहन कंपनीचे. मधली तूट महापालिकेची. वाहक आणखी वेगळ्या ठेकेदाराचे. आणि या शेवटच्या कडीतच गाडी अडकली. वेतन थकल्याची तक्रार घेऊन वाहकांनी एकाहून अधिक वेळा काम बंद केले. नव्या बसगाड्या उभ्या, रस्ता मोकळा, थांब्यावर माणसे, आणि दोरी ओढायला कोणी नाही. आंब्याखालची माझी जीप आकाराने लहान होती, एवढेच.

तुटीविषयी एक सांगतो, कारण बँकवाला आहे म्हणून लोक माझ्याकडून उलटे ऐकायची अपेक्षा करतात. शहर बस तोट्यात आहे, या मथळ्याने मला झोप उडाल्यासारखे होत नाही. रस्ता तोट्यात आहे असे कोणी छापत नाही. उड्डाणपूल तोट्यात आहे असेही नाही. पंचवटी कारंज्यापासून सातपूरच्या कारखान्यापर्यंत कामगार वेळेवर पोचला, याची किंमत तिकिटाच्या गल्ल्यात कधीच पूर्ण मावणार नाही. ती शहराच्या पगारपत्रकावर येते. अपेक्षित तूट आधी मांडून, तिची तरतूद करून चालवलेली सेवा मी कर्जयोग्य मानीन. न मांडलेल्या तुटीची मला भीती वाटते, कारण ती शेवटी सर्वांत दुबळ्या माणसाच्या पगारातून भरली जाते.

केंद्र सरकारलाही हे थोडे उमगलेले दिसते. २००९ पासून नेहरू अभियानातून शहरांना बस खरेदीसाठी पैसे मिळाले, आणि राज्यात सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांतल्या कित्येक गाड्या चासीला तडे गेल्याने आगारातच उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत मात्र दहा हजार बसगाड्यांचे उद्दिष्ट ठेवताना बस विकत घेण्यासाठी नव्हे, तर ती धावेल त्या प्रत्येक किलोमीटरसाठी दहा वर्षे मदत देण्याची तरतूद केली गेली. नाशिकही त्या यादीत आले. ‘मालमत्ता अस्तित्वात आहे काय’ या प्रश्नाच्या जागी ‘चालते काय’ हा प्रश्न आला, असे मी समजतो.

आणि इथे सिंहस्थाचा विषय निघणारच. पंचवटीत दर बारा वर्षांनी पैसा पुरासारखा येतो आणि पुरासारखाच ओसरतो. काठावर घाट, रस्ते, पूल उरतात. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली. त्या धसक्याने २०१५ मध्ये लोखंडी अडथळ्यांचे असे जाळे उभारले गेले की २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बाहेरची वाहनतळे आणि मैलोगणती चाल यांच्या धास्तीने लोकच कमी आले. दुसऱ्या पर्वणीला निर्बंध सैल केले आणि गर्दी लोटली. याला मी शिकणे म्हणतो. दोन आठवड्यांत यंत्रणा शिकली. पण शिकली ती माणसे कुठे गेली? अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. राज्यभरातून आलेले एस.टी.चे चालक आपापल्या आगारांत परतले. मालेगाव स्टँडाच्या उतारावर गर्दी नेमकी कुठे तुंबते, हे ज्या पोलीस हवालदाराला पाठ होते तो निवृत्त झाला. २०२७ च्या पर्वण्यांसाठी रस्ते पुन्हा रुंद करता येतात. त्या हवालदाराच्या डोक्यातले ज्ञान निविदा काढून मिळत नाही. येणाऱ्या निधीतला थोडा हिस्सा ते लिहून ठेवण्यावर, पंचवटीतल्याच शंभर-दोनशे तरुणांना वाहतूक सहायक म्हणून नीट शिकवण्यावर, आणि मुख्य म्हणजे मेळा संपल्यावर त्यांना शहर बसच्या कामावर ठेवून घेण्यावर खर्च झाला, तर बारा वर्षांनी पुन्हा पाटी-पेन्सिल घ्यावी लागणार नाही.

असो. मी त्या बाईला विचारले, आता गावात गाडीची सोय काय?

“निळी गाडी येते की,” ती म्हणाली. “नात जाते तीनं. नववीला हाय.”

निळी गाडी म्हणजे मानव विकासची बस. अनुदानाच्या इतक्या कहाण्या पाहिल्यावर ही एक मला मनापासून आवडते. ग्रामीण भागातली स्त्री-साक्षरता आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे पाहून राज्यातले १२५ मागास तालुके निवडले गेले. पेठ आणि सुरगाणा त्यांत आहेत. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी, शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल आणि त्याहून दूर असेल तर मोफत बस. प्रत्येक तालुक्याला आधी पाच बसगाड्या मिळाल्या, पुढे सात. गाडी चालवायची एस.टी.ने, पैसे मानव विकास कार्यक्रमाचे. यात नवल काय? नवल हे की ही गाडी कुणाच्या आंब्याखाली गेली नाही. तिच्यामागे आगार होता, आगारात मेकॅनिक होता, एक चालक रजेवर गेला तर दुसरा होता, आणि धावण्याच्या खर्चाची तरतूद होती. शिवाय तिला शाळेची घंटा बांधलेली होती. गाडी चुकली की चाळीस मुली गैरहजर, आणि ते हजेरीपटावर उमटते. माझ्या जीपचा हजेरीपट नव्हता.

अर्थात एस.टी.चा आगार सगळीकडे पुरा पडत नाही, आणि प्रत्येक पाड्याला मोठी बस चढतही नाही. तिथे पुन्हा जीपच लागेल. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना काढली होती. बचत गटातल्या बाईला वाहनासाठी गटांच्या संघाकडून साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज, आणि त्याआधी कोणत्या मार्गावर किती माणसे जातात-येतात याची पाहणी. मी त्या योजनेचे नियम वाचले तेव्हा हसू आले आणि वाईटही वाटले. मार्गाची पाहणी मी केलीच नव्हती. आणि वही! बचत गटातल्या बाया पन्नास रुपयांची वर्गणी चुकली तरी वहीत लाल शाईने लिहितात. मी ज्या सात तरुणांना कर्ज दिले त्यांच्या बायकांना तेव्हा कोणी वही दिली असती तर!

केरळमध्ये आणखी एक वाट काढली गेली. जुलै २०२२ मध्ये तिथे ‘ग्रामवंडी’ सुरू झाली. बस आणि कर्मचारी राज्य परिवहनाचे, डिझेलचा खर्च ग्रामपंचायतीचा, आणि म्हणून मार्ग व वेळ ठरवण्याचा हक्कही ग्रामपंचायतीचा. मला यातला व्यवहार आवडतो. डिझेलचे पैसे आपण देतो म्हटल्यावर सरपंच गाडी वेळेवर आली का हे पाहायला स्वतः पारावर येऊन बसेल. अमेरिकेसारख्या मोटारींच्या देशातसुद्धा संघीय सरकार खेड्यांतल्या वाहतूक सेवांना चालकांचे प्रशिक्षण आणि तांत्रिक मदत यांसाठी स्वतंत्र निधी देते. बसचे पैसे वेगळे, शिकवण्याचे वेगळे.

आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या ग्रामपंचायतींजवळ पैसेच नाहीत, असे कोणी म्हणेल. अगदीच तसे नाही. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देण्याचे राज्याने ठरवले. त्याला ‘अबंध निधी’ म्हणतात, आणि त्याच्या खर्चाच्या बाबींत आरोग्य आणि शिक्षण आहे. शाळेला आणि दवाखान्याला पोचवणारी गाडी त्या बाबींत बसते, असा माझा अर्थ आहे. एखादा लेखापरीक्षक आक्षेप घेईल, तर मी त्याच्याशी वाद घालायला पेठपर्यंत यायला तयार आहे. पण त्यासाठी ग्रामसभेत कोणीतरी उभे राहून हिशेब मांडला पाहिजे: रोजचे अंतर इतके, डिझेल इतके, टायर दोन वर्षांनी, दुरुस्तीसाठी दरमहा इतके बाजूला, चालक दोन, तालुक्याच्या आयटीआयमधून शिकलेला गावचाच एक पोरगा मेकॅनिक. हे एका कागदावर मावते. तो कागद तयार करता येणे, तो वाचून दाखवता येणे आणि पुढच्या वर्षी त्याच कागदाशी खर्च ताडून पाहता येणे, ही माझ्या मते क्षमता बांधणी. तिला फलक लागत नाही. एखाद्या निवृत्त बँकवाल्याचे महिन्यातले दोन रविवार मात्र लागतात, आणि नाशिकमध्ये निवृत्त बँकवाल्यांचा तुटवडा नाही. रामकुंडावर सकाळी सात वाजता या. पारावर मोजून घ्या.

बोलता बोलता पेठची गाडी लांबून दिसली. बाई उठली, पाटी काखेत मारली, पदराची गाठ सोडून पैसे काढले. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट. तिने सुटे आधीच मोजून ठेवले होते. मला काहीतरी बोलायचे होते. त्या वेळी मी अहवालात खरे लिहायला हवे होते, असे काहीसे. ते काही जमले नाही. मी म्हणालो, “नात बारावी झाली की नाशिकला कॉलेजात घाला. विद्यार्थ्यांना पासात मोठी सवलत असते.”

“पास हाय, ते ठावं हाय,” ती पायरीवर चढत म्हणाली. “कॉलेजाच्या टायमाला गाडी हाय का आमच्याकडनं, साहेब?”

मी खिशातून डायरी काढून तिच्या गावाचे नाव विचारले. वाहकाने घंटी दिली होती. गाडी वळताना खिडकीतून तिने नाव ओरडून सांगितले. ते मी लिहून घेतले आहे.